आकाशगंगेचे केंद्र कशाशी ताडून पाहायचे?

चाकणच्या एखाद्या कारखान्यात लेथवरून उतरलेला दांडा पन्नास मिलिमीटरचा आहे की नाही, हे नुसते पाहून कोणालाही सांगता यायचे नाही. मायक्रोमीटर लावला म्हणजे आकडा मिळतो. पण तो मायक्रोमीटर तरी खरा कशावरून? त्याला तपासणाऱ्या स्लिप गेजच्या ठोकळ्यांवरून. आणि ते ठोकळे खरे कशावरून? त्यांच्याहून वरच्या दर्जाच्या ठोकळ्यांवरून. पिंपरी-चिंचवडच्या श्रोत्यांना ही साखळी आम्ही समजावून द्यावी, असे मुळीच नाही. टूलरूममध्ये किंवा तपासणी खात्यात आयुष्य घालवलेली माणसे या मंडपात पुष्कळ असतील. आम्हांला आज सांगायचे आहे ते एवढेच, की आकाशाची मापे घेणारा खगोलशास्त्रज्ञही याच साखळीने बांधलेला असतो. त्याच्याजवळ आकडा असतो. पण तो आकडा कशाशी ताडून घेतला, हे सांगता आले नाही तर त्याची किंमत शून्य. आणि हा ताडून पाहण्याचा उद्योग आपल्या आकाशगंगेच्या केंद्रापाशी जितका अवघड होतो, तितका क्वचितच दुसरीकडे होत असेल.

हे केंद्र आहे कोठे? वैशाखातल्या रात्री, बारा वाजून गेल्यावर, आग्नेयेकडे पाहावे. वृश्चिकाची नांगी वर आलेली असते; तिच्या टोकाशी मूळ नक्षत्र. त्याच्यामागून पूर्वाषाढा येते. या दोहोंच्या मधे, मूळच्या जरा उत्तरेला, धनू राशीच्या हद्दीत ते ठिकाण आहे. तेथे डोळ्यांना काही दिसत नाही, मोठ्या दुर्बिणीलाही दिसत नाही. आपल्यापासून ते सुमारे सव्वीस-सत्तावीस हजार प्रकाशवर्षे दूर आहे, आणि वाटेत धूलीचे एवढे थर आहेत की तेथून निघालेल्या दृश्य प्रकाशाचा लाख कोटीतला एखादा अंशच आपल्यापर्यंत पोहोचतो. रेडिओ लहरींना मात्र ही धूळ आडवी येत नाही.

या लहरी प्रथम ऐकल्या त्या एका तक्रारीच्या निमित्ताने. अमेरिकेतील बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनिअर होता. समुद्रापलीकडच्या बिनतारी टेलिफोनमध्ये जी खरखर येते ती कोठून येते, हे शोधण्याचे काम त्याच्याकडे दिलेले होते. मोटारीच्या चाकांवर फिरणारी एक लांबलचक एरियल त्याने बांधली आणि साडेचौदा मीटरच्या आसपासच्या तरंगलांबीवर तो ऐकत बसला. विजांची खरखर ओळखू आली. ती वगळून जी एक बारीक सळसळ उरली, ती रोज चार मिनिटे लवकर येऊ लागली. चोवीस तासांनी परत येते ती सूर्याची वस्तू. तेवीस तास छप्पन्न मिनिटांनी परत येते ती ताऱ्यांची. १९३३ साली त्याने जाहीर केले, की ही सळसळ आकाशगंगेतून येते आणि धनू राशीच्या बाजूला ती सर्वांत जोरकस आहे. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा खरखरीचा माग काढताना झाला, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. शेवटी या खरखरीकडे आम्हांला पुन्हा यायचे आहे.

त्या सळसळीच्या ढगातून नेमका मध्यबिंदू वेगळा काढायला आणखी चाळीस वर्षे लागली. १९७४ च्या फेब्रुवारीत ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना अमेरिकेतील ग्रीन बँक येथे, एकमेकींना जोडलेल्या दुर्बिणींच्या साहाय्याने, एक अतिशय लहान आणि तेजस्वी रेडिओ बिंदू सापडला. पुढे ब्राउन यांनी त्याला 'सॅजिटेरियस ए-स्टार' असे नाव दिले. आपण त्याला सोयीसाठी धनू-बिंदू म्हणू. त्या जागी सूर्याच्या सुमारे चाळीस लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे, हे आज मान्य झाले आहे. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना त्या संशोधनाबद्दल २०२० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, आणि मे २०२२ मध्ये त्या बिंदूचे छायाचित्रही प्रसिद्ध झाले. छायाचित्र सगळ्यांनी पाहिले. ज्या मापांवर ते उभे आहे, ती मात्र फारशी कोणी पाहत नाही.

आता आपल्या शेजाराकडे वळू. भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर करीत नाशिकच्या रस्त्याने नारायणगावला गेले, की तेथून पूर्वेला खोडद गाव लागते. चाकणपासून सरळ रेषेत ते चाळीस-बेचाळीस किलोमीटरच असेल. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये तेथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. अशा एकूण तीस तबकड्या: चौदा मध्यभागी जवळजवळ, आणि बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर दूर दूर पसरलेल्या, टोकाच्या दोहोंत पंचवीस किलोमीटरचे अंतर. तबकडी म्हणजे भरीव पत्रा नव्हे. पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळीच ती, म्हणून वारा तिच्यातून निघून जातो आणि वजनाबरोबर खर्चही आटोक्यात राहतो. ही कल्पना प्रा. गोविंद स्वरूप यांची. या गृहस्थांची कारकीर्द पाहण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियाने देऊन टाकलेल्या सहा-सहा फुटांच्या बत्तीस तबकड्या त्यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या करून सूर्य पाहिला. १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर पाचशे तीस मीटर लांबीची दुर्बीण उभी केली, आणि नंतर खोडदची. ऑक्टोबर २००१ मध्ये ती राष्ट्राला अर्पण झाली. पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. स्वरूप २०२० साली निवर्तले.

आकाशगंगेच्या केंद्रासाठी खोडदची जागा विशेष सोयीची आहे. धनू-बिंदू आकाशात एकोणतीस अंश दक्षिणेला आहे. जर्मनीतून तो क्षितिजाला घासून जातो. अमेरिकेतील मोठ्या दुर्बीणसमूहातून सत्तावीस अंशांवर येतो. खोडदहून तो बेचाळीस अंश वर चढतो. जितका वर, तितका वातावरणाचा त्रास कमी. अर्थात दक्षिण आफ्रिकेत तो अगदी डोक्यावरून जातो, आणि तेथील चौसष्ट तबकड्यांच्या मीरकॅट दुर्बिणीने काढलेली केंद्राची चित्रे अप्रतिम आहेत, हेही सांगितले पाहिजे.

माप दोन गोष्टींचे घ्यायचे असते. एक, बिंदू किती तेजस्वी आहे. दुसरे, तो नेमका कोठे आहे.

तेजाचे माप 'जान्स्की' या एककात देतात. दशांशचिन्हापुढे पंचवीस शून्ये मांडून मग एक लिहावा, इतके वॅट, दर चौरस मीटरला आणि दर हर्ट्झला. इतक्या क्षीण शक्तीचा वजनकाटा कोणी बनवून देत नाही. म्हणून ज्यांचे तेज पूर्वी कसून मोजले गेले आहे असे काही आकाशस्थ स्रोत मास्टर गेज म्हणून वापरतात. केंब्रिजची तिसरी यादी १९५९ साली निघाली. तिच्यातील २८६ क्रमांकाचा, तसेच ४८ आणि १४७ क्रमांकांचे, हे त्यांतले नेहमीचे. निरीक्षणाच्या आरंभी किंवा अखेरीस तीसही तबकड्या यांपैकी एकाकडे वळवतात, त्याचे ठाऊक असलेले तेज आणि यंत्राने दाखवलेला आकडा यांचा मेळ घालतात, आणि तो गुणक घेऊन पुढे जातात.

पण मास्टरही झिजतो! एके काळी शर्मिष्ठेतील कॅसिओपिया-ए हा प्रखर स्रोत सगळ्या मापांच्या मुळाशी होता. तो म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष. तो दरसाल अर्धा ते एक टक्का मंदावत आहे असे आढळले, तेव्हा प्रत्येक जुन्या मापाशेजारी साल लिहिणे भाग पडले. यादीतला ४८ क्रमांकाचाही २०१८ च्या सुमारास उजळू लागला, विशेषतः आखूड तरंगलांबीवर. २८६ मात्र आजवर नेकीने वागला आहे. मास्टरला मास्टरशी ताडत राहणे, हे काम टूलरूमप्रमाणे तेथेही संपत नाही.

केंद्राकडे वळल्यावर एक वेगळाच घोटाळा होतो. तेथे आकाशच तापलेले आहे. बिंदूभोवती सगळीकडून रेडिओ तेज सांडते आहे. यंत्रात आवाज वाढला, की तो आपोआप खाली ओढण्याची योजना केलेली असते, नाही तर पुढची यंत्रणा गुदमरते. साहजिकच केंद्राकडे तोंड केल्याबरोबर यंत्र स्वतःचा आवाज कमी करून घेते, आणि मास्टरकडे पाहताना जो गुणक मिळवला तो येथे लागू पडत नाही. किराणा दुकानदाराने तूर तोलताना एक काटा वापरावा आणि साखर तोलताना त्या काट्याची दांडी गुपचूप सरकवावी, तसे हे होते. इलाज असा, की आपोआप खाली ओढणारी योजना बंद ठेवून दोन्ही दिशांचा आवाज प्रत्यक्ष मोजायचा आणि काटा किती सरकला ते काढायचे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे एका उदाहरणाने कळेल. १९७६ साली इंग्लंडातील जॉड्रेल बँकच्या शास्त्रज्ञांनी ४०८ मेगाहर्ट्झवर धनू-बिंदू शोधला, तो त्यांना सापडला नाही. यावरून समज असा झाला की एक हजार मेगाहर्ट्झच्या खाली तो बिंदू मंदावत जातो. त्याच्या आसपास तापलेल्या वायूचा एक पट्टा आहे आणि तसा वायू लांब लहरी गिळतो. बिंदू या वायूच्या मागे असेल तर तो झाकला जाईल. पुढे असेल तर झाकला जाणार नाही. म्हणजे कोण कोणाच्या पुढे उभे आहे हा प्रश्न तेजाच्या एका आकड्यावर येऊन ठेपला. सुभाषिस रॉय आणि ए. प्रमेश राव यांनी खोडदच्या दुर्बिणीने सुमारे ५८० आणि ६२० मेगाहर्ट्झवर ही निरीक्षणे केली आणि २००४ साली ती प्रसिद्ध झाली. बिंदू दिसला, तेज निघाले सुमारे अर्धा जान्स्की. त्यावरून तो त्या वायूच्या अलीकडे, आपल्या बाजूस असावा असा निष्कर्ष त्यांनी काढला. गुणकात चूक झाली असती तर वायू मागचा पुढे आला असता. सव्वीस हजार प्रकाशवर्षांवरच्या दोन वस्तूंचा क्रम लावायला काट्याची दांडी तपासावी लागली, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

दुसरे माप जागेचे. येथे गेजपेक्षा मोजणीवाल्याची उपमा जास्त चपखल बसते. चाकणच्या परिसरात गेल्या काही दशकांत जमिनीची मोजणी पाहिली नाही असे कुटुंब विरळा. मोजणीवाला आला म्हणजे आधी शिवेचा दगड शोधतो. दगड सापडल्याशिवाय साखळी टाकत नाही. आणि दगडच कोणी रात्रीतून सरकवला असेल, तर पुढची सगळी मोजणी वाया.

आकाशात न सरकणारा दगड कोणता? आपल्या आकाशगंगेतील तारे सगळे फिरते. म्हणून तिच्याबाहेरचे, कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडचे क्वासार घेतात. ते धावत असले तरी इतक्या अंतरावरून त्यांची जागा बदललेली दिसत नाही. अडचण ही, की दगड वावराजवळ हवा. दूरच्या दगडापासून माप आणताना वाटेतल्या वातावरणाच्या चुका साचत जातात. धनू-बिंदूपासून सुमारे चार अंशांवर १७५१-२५३ या क्रमांकाचा एक ठळक स्रोत आहे. असा स्रोत थोड्या थोड्या वेळाने पाहून वातावरणाची चूक काढून टाकायची, ही रोजची रीत, आणि नकाशा काढण्यापुरते तेवढे भागते. पण बिंदू स्वतः हलतो की काय, हे पाहायला चार अंश फार झाले. शोधाशोध केल्यावर दोन क्षीण परके स्रोत एक अंशाच्याही आत मिळाले: जे-१७४५-२८३ आणि जे-१७४८-२९१. दोन्ही बिंदूपासून साधारण पाऊण अंशाच्या आत, एक जवळपास उत्तरेला आणि दुसरा पूर्वेला. निसर्गाने एवढी सोय केली, त्याबद्दल तक्रार करायला जागा नाही.

तक्रार दुसरीच होती. केंद्राच्या दिशेला विद्युत्भारित वायूचे धुके आहे. त्यातून येताना प्रत्येक बिंदू पसरट दिसतो, आणि तरंगलांबी दुप्पट केली तर पसारा चौपट होतो. खोडदच्या अर्ध्या मीटरच्या लहरींवर धनू-बिंदू तीनेक विकला पसरतो. सात मिलिमीटरच्या लहरीवर पाहिले तर हा पसारा सुमारे पाच हजार पटींनी आवळतो. तेव्हा हे काम खोडदच्या वाट्याचे नव्हे. अमेरिकेत हवाईपासून कॅरिबियन बेटांपर्यंत आठ हजार किलोमीटरवर पसरलेल्या दहा तबकड्या आहेत. मार्क रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ पासून त्यांच्यावर ही मोजणी चालवली. एका लहान पण सुरेख युक्तीचा येथे उल्लेख करतो. ते दोन दगड इतके अंधुक की त्यांच्यावर यंत्र लावताच येईना. मग त्यांनी मोजणी उलटी केली: ठळक असलेल्या धनू-बिंदूलाच खुंटी मानले आणि दर पंधरा सेकंदांना तोंड फिरवीत दगड त्या खुंटीपासून किती सरकतात ते मोजले. शेतकऱ्याला बांधावर उभे करून शिवेचा दगडच मोजावा तसे!

दगड सरकताना दिसले. म्हणजे अर्थातच धनू-बिंदू उलट दिशेने सरकत होता. अठरा वर्षांच्या मोजणीचा जो हिशेब रीड आणि आंद्रेआस ब्रुन्थालर यांनी २०२० साली दिला, त्याप्रमाणे हे सरकणे वर्षाला ६.४१ सहस्रांश विकला एवढे आहे. म्हणजे किती? बेळगावात कोणी करंगळी उभी धरावी आणि आपण चिंचवडच्या मोरया गोसावींच्या घाटावरून तिची रुंदी पाहावी, साधारण तेवढे. दोन्ही दगडांवरून मापे जुळली, हे महत्त्वाचे. एकच दगड असता तर संशय राहिला असता.

धनू-बिंदू खरोखर पळतो आहे काय? नाही. आपण फिरतो आहोत. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने जातो, एक फेरा वीस-एकवीस कोटी वर्षांत पुरा करतो. गाडीतून जाताना झाड मागे जाते तसा बिंदू मागे जातो. सूर्याचा हा वेग वजा केला तर बिंदूकडे जवळपास काही उरत नाही. आकाशगंगेच्या पातळीला काटकोनात त्याची चाल सेकंदाला एखाद्या किलोमीटरपेक्षा जास्त निघत नाही. त्याच्या शेजारचे तारे मात्र सेकंदाला हजारो किलोमीटर धावत असतात. आळंदीच्या पालखीच्या गर्दीत लहान पोर धक्क्याधक्क्याने कोठल्या कोठे जाते, रथ जागचा हलत नाही. कारण तो जड आहे. या न हलण्यावरूनच रीड यांनी दाखवले, की इतक्या लहानशा बिंदूत निदान दहा लाख सूर्यांचे वस्तुमान असलेच पाहिजे. ताऱ्यांच्या कक्षा काढून जे सिद्ध झाले, त्याला ही स्वतंत्र साक्ष मिळाली, आणि ती मिळाली दोन अंधुक दगडांच्या आधारे. कक्षा काढणाऱ्यांनाही दगड लागलेच, हे ओघात सांगतो. त्यांच्या अवरक्त प्रकाशाच्या चित्रांत कृष्णविवराची जागा दाखवायची तर दोन्ही प्रकारच्या दुर्बिणींना दिसणाऱ्या खुणा हव्या होत्या. केंद्राजवळच्या काही तांबड्या म्हाताऱ्या ताऱ्यांच्या वातावरणातून तीव्र रेडिओ लहरी निघतात. त्यांचा उपयोग करून १९९७ मध्ये दोन नकाशे एकमेकांवर बसवण्यात आले.

शेजारचे स्रोत आणखी एका तऱ्हेने उपयोगी पडतात, आणि तेथे खोडदचा हात पुन्हा लागला. ३० सप्टेंबर २००२ रोजी अमेरिकेतील दुर्बीणसमूहाने मीटरभर लांबीच्या लहरींवर घेतलेल्या निरीक्षणांत, केंद्रापासून सव्वा अंश दक्षिणेला, एक स्रोत पाच वेळा उजळून विझला असे नंतर आढळले. प्रत्येक वेळी दहा मिनिटे उजेड, आणि दर सत्त्याहत्तर मिनिटांनी पुनरावृत्ती. असे काही दिसले म्हणजे शहाणा माणूस प्रथम यंत्रावर संशय घेतो. पण त्याच चित्रातील शेजारचे स्थिर स्रोत जागच्या जागी, आहे त्याच तेजाने दिसत होते; यंत्र चुकले असते तर तेही लुकलुकले असते. स्कॉट हायमन आणि सहकाऱ्यांनी ते वृत्त २००५ साली प्रसिद्ध केले. मग खोडदच्या निरीक्षणांतही त्याच जागी, २८ सप्टेंबर २००३ रोजी, एक क्षीण उजाळा सापडला, आणि मार्च २००४ मध्ये त्याहूनही क्षीण असा आणखी एक.

अर्धा जान्स्की म्हणजे व्यवहारात किती, याचा ढोबळ हिशेब आम्ही करून पाहिला. सोळा मेगाहर्ट्झचा पट्टा धरला, तर एका वॅटचा मोबाइल एक किलोमीटरवरून जेवढी शक्ती तबकडीवर टाकील ती धनू-बिंदूच्या लाख कोटी पट भरते. मोबाइलचा पट्टा ठरलेला असतो, त्यामुळे तो चाळणीने बराचसा गाळता येतो. न गाळता येणारी गोष्ट म्हणजे ठिणगी. सैल झालेल्या विजेच्या तारेच्या जोडावर, तडकलेल्या चिनी मातीच्या चिमणीवर, वेल्डिंगच्या टोकावर जी ठिणगी उडते तिला पट्टा नसतो; ती सगळीकडे खरखरते. जान्स्कीने ज्या खरखरीचा माग काढला तिचेच हे घरगुती भावंड. म्हणून खोडदची माणसे परिसरातील विजेच्या वाहिन्यांवर ठिणग्या शोधत हिंडतात आणि वीज मंडळींकडून दुरुस्त करवून घेतात. यात एक विसंगती अशी, की ठिणगी उडणारा जोड कारखान्यालाही तोट्याचाच असतो. तो दुरुस्त करण्यात कोणाचेच नुकसान नाही.

सगळेच प्रश्न इतके सोपे नाहीत. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या पहिल्या आखणीला या दुर्बिणीच्या कारणाने हरकत निघाली आणि मार्ग पुन्हा तपासावा लागला. या पट्ट्यातील उद्योगांना आणि शेतमालाला रेल्वे हवी आहे, ती लवकर हवी आहे. तिच्यासाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या माणसाला तारे दाखवून गप्प बसवावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु रूळ काही किलोमीटर सरकवता येतात. बेचाळीस अंशांवरचा धनू-बिंदू, त्याच्याभोवतीचे दगड आणि त्यांच्यासाठी निवडलेली डोंगरांआडची शांत जागा सरकवता येत नाही. तीस तबकड्या आणि पंचवीस किलोमीटरचा पसारा उचलून दुसरीकडे नेणे, म्हणजे नवी दुर्बीण बांधणेच होय.

ज्यांना ही दुर्बीण प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांनी फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेच्या सुमारास जावे. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे प्रदर्शन भरते, आणि गावोगावच्या शाळांतील मुले आपापले प्रयोग मांडतात. मोबाइल बंद करून ठेवावा.